सुभेदारांची टपालपेटी : कोटाच्या आतली बॅटरी

प्रश्न : माझ्या मुलानं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. नवी मुंबईत महापे इथं आयडियाफोर्ज नावाची कंपनी आहे, तिथं तो अर्ज करतोय. सैन्यासाठी ड्रोन बनवतात म्हणे. लग्नात फोटोवाला उडवतो तसलंच ना ते? आणि त्यानं माणसं मरतात का? मला रात्रीची झोप लागत नाही. – एक आई, कराड

उत्तर : ताई, आधी फोटोवाल्याचं बघू. त्याचं ड्रोन हॉलच्या अंगणात उडतं, खाली गाडीत दुसरी बॅटरी तयार असते. आता तेच लडाखला न्या. साडेचार हजार मीटरवर हवा समुद्रकाठच्या मानानं 60-65 टक्केच दाट उरते. पंख्याला ढकलायला हवाच कमी, म्हणून तो जास्त जोरात फिरवावा लागतो, म्हणजे बॅटरी लवकर संपणार. त्यात थंडी. माझ्या नोकरीत ड्रोन नव्हतं, वायरलेस सेट होता. पहाटे ड्यूटीवर जायचं तर बॅटरी रात्रभर कोटाच्या आत, पोटाशी धरून झोपायचो. एकदा आळस केला नि सेटवरच ठेवली. पाच वाजता बटण दाबलं, दिवा जेमतेम लुकलुकला आणि गेला. त्यावर साहेब काय बोलले ते मासिकात छापता येणार नाही.

या कंपनीचं काम मुळात या अडचणींवरच आहे. आयआयटी मुंबईच्या पोरांनी 2007 साली ती काढली. पुण्यात दिघीला डीआरडीओची संस्था आहे, माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. तिच्याबरोबर त्यांनी ‘नेत्र’ बनवलं : चार पंख्यांचं, दीडेक किलोचं, अर्धा तास उडणारं. 2013 च्या उत्तराखंडच्या पुरात अडकलेल्यांना शोधायला ते वापरलं होतं. पण चार पंख्यांचं यंत्र सगळा वेळ स्वतःचं वजन पंख्यांच्याच जोरावर उचलून धरतं. त्यामुळं बॅटरी फार वेळ पुरत नाही.

म्हणून पुढं ‘स्विच’ आलं. हे उभंच्या उभं वर चढतं, धावपट्टी लागत नाही. वर गेलं की विमानासारखं पुढं निघतं आणि वजन पंखांवर पडतं. साडेसहा किलोचं यंत्र दोन तास टिकतं, पंधरा किलोमीटरपर्यंतचं चित्र धाडतं. डोंगरात सपाट जागा कुठली आणायची? त्यामुळं फौजेला हे पटलं. जानेवारी 2021 मध्ये सुमारे 2 कोटी डॉलरची ऑर्डर मिळाली. आदल्याच वर्षी लडाखमध्ये गलवानला चिनी सैन्याशी झटापट झाली होती, हे लक्षात घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न. नेत्र, स्विच ही टेहळणीची यंत्रं. पोटात कॅमेरा असतो, दिवसाचा किंवा रात्री उष्णता टिपणारा. बॉम्ब नसतो. पण एवढंच सांगून तुम्हाला झोपवलं तर ती फसवणूक होईल. कॅमेऱ्यानं दाखवलेली जागा तोफखान्यालाही कळते, आणि गोळा कुठं पडला हेही वरूनच बघतात. दुसरी बाजूही सांगतो. टेकडीपलीकडं काय आहे हे बघायला आमच्या वेळी पोरं पाठवायचे. चौघं गेले की चौघं परत येईपर्यंत लंगरमधला चहा कुणाच्या घशाखाली उतरत नसे. आता तिथं साडेसहा किलोचं यंत्र जातं.

मुलाला इंटरव्ह्यूत एकच विचारायला सांगा : उड्डाण-चाचणीच्या टीममध्ये घ्याल का? फौजेच्या चाचण्यांत बऱ्याचदा माल कंपनीनं स्वखर्चानं डोंगरावर न्यायचा असतो आणि खरेदीची हमी शून्य. पडलं तर पडलं. त्या आठवड्यात पोरगा जे शिकेल ते वर्कशॉपच्या टेबलावर वर्षभरात शिकायचा नाही. सोबत लोकरीचे हातमोजे द्या, बोटं उघडी ठेवणारे. स्क्रू जाड मोज्यानं फिरत नाही.

प्रश्न : याच कंपनीचा शेअर घ्यावा का? – एक निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर : गुरुजी, मी वायरलेसवाला, शेअरवाला नव्हे. एवढं सांगतो : 672 रुपयांना दिलेला शेअर जुलै 2023 मध्ये बाजारात आला तो 1300 च्या आसपास, आणि पुढं 672 च्याही खाली गेला. फौजेची ऑर्डर दरमहा पगारासारखी येत नाही. 2023-24 मध्ये उलाढाल 300 कोटींच्या वर होती, पुढच्या वर्षी जवळपास निम्मी. पेन्शनीचा पैसा असेल तर जपून. मी स्वतः एकही घेतला नाही, पण त्यात शहाणपण काही नाही. त्या आठवड्यात डीमॅट खातं उघडायचंच राहून गेलं.