एसडब्ल्यूआर १.१ आला म्हणजे अँटेना चांगली का? आणि समोरचा "ऑडिओ मस्त" म्हणतो ते कितपत खरं मानायचं?

तुम्ही लिहिलंय की हॅम रेडिओचं (हौशी वायरलेसचं) लायसन्स नवीन आहे, दोन मीटर बँडवर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) बेस सेट लावलाय, गच्चीवर दोन अँटेना आहेत, एकीचा एसडब्ल्यूआर १.१ येतो अन् दुसरीचा १.८, आणि ग्रुपातल्या सीनियर लोकांनी दुसरी काढून टाकायला सांगितली. हेच वाक्य मी नागपुरात भर नेटवर (ठरल्या वेळी सगळे एका फ्रिक्वेन्सीवर जमतात ती रेडिओवरची बैठक) सगळ्यांसमोर ऐकून घेतलंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो) अँटेना किती चांगली आहे हे सांगतच नाही. तो फक्त एवढंच सांगतो की सेटने जी पॉवर केबलमध्ये ढकलली त्यातली किती परत आली. जी परत आली नाही ती हवेत गेली की केबलमध्येच उष्णता होऊन जिरली, हे त्या मीटरला कळायचा काही मार्ग नाही. डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवरची नुसती उष्णता करणारा रेझिस्टर) एसडब्ल्यूआर १.० येतो, लावा तो गच्चीवर आणि पहा शेजारच्या गल्लीत तरी कोणी ऐकते का. आणि १.८ चं एवढं भ्यायचं काही कारण नाही, १.५ ला ४ टक्के पॉवर परत येते, २ ला ११ टक्के, समोरच्याच्या कानाला यातला फरक कळत नाही म्हणजे नाहीच कळत.

आता माझं ऐका. काही वर्षांपूर्वी मी मानेवाड्याच्या घरी क्वार्टर वेव्ह ग्राउंड प्लेन (पाव वेव्हलेंग्थची उभी अँटेना) बनवली होती. इतवारीच्या लोहा ओळीतून पितळेच्या सळया आणल्या, एसओ-२३९ सॉकेटवर मधली एक साधारण ४९ सेंटिमीटरची उभी आणि चार आडव्या, त्यांना रेडियल म्हणतात. सेट अन् केबल ५० ओहमचे असतात, रेडियल आडवे ठेवले की अँटेनाचा इम्पिडन्स (विजेला होणारा एकूण विरोध) त्याच्या बराच खाली राहतो म्हणजे एसडब्ल्यूआर हिशोबानेच थोडा वर येतो, खाली ४५ अंशात वाकवले की तो ५० च्या जवळ जातो, पण मला पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडमुळे जागा नव्हती म्हणून आडवेच ठेवले अन् मीटरवर १.७ आला. केबल मात्र चांगली घातली, आरजी-२१३ (जाड, कमी लॉसची), जेमतेम १० मीटर. मस्त चालून राहिली होती. रविवारच्या नेटवर मी प्रामाणिकपणे १.७ सांगितला तर आमच्या ग्रुपातले एक सीनियर काका सरळ म्हणाले, "१.७ वर काय बोलून राहिले तुम्ही, आधी ते काढा, नीट अँटेना लावा मग नेटवर या, माझा पहा, १.१ आहे." सगळे गप्प. माझा चेहरा कोणी पाहत नव्हतं हे बरंच होतं.

त्यांच्याकडे बाहेरून मागवलेली फायबरग्लासची कोलिनियर (एकावर एक तुकडे जोडलेली उभी अँटेना) होती, डब्यावर ६ डीबीआय गेन (सिग्नल हव्या त्या दिशेला किती जमवते त्याचं माप) छापलेलं. खरेदीला, लायसन्सला, परीक्षेला त्यांनी कितीतरी पोरांना मदत केलेली आहे, माणूस मनाने मोठा, पण मीटरचा आकडा म्हणजे वेदवाक्य. मी फोन केला, म्हटलं काका समोरासमोर होऊन जाऊ द्या, तुमची अँटेना माझ्या गच्चीवर आणा. आणली त्यांनी. सोबत त्यांचीच ३० मीटर आरजी-५८ (बारीक केबल), कारण म्हणे ही केबल कापून कापून ट्यून केलेली आहे, दुसरी लावली तर १.१ बिघडेल. तिथेच मला कळलं की पाणी कुठे मुरून राहिलंय.

दोन्ही अँटेना एकाच उंचीवर, मधे पुरेसं अंतर, खाली कोॲक्स स्विच, सेट एकच, माइक एकच. आमचा एक मित्र हँडी (हातातला छोटा सेट) घेऊन रामटेकला गडमंदिराच्या पायथ्याशी उभा, इथून पन्नासेक किलोमीटर. त्याला सांगितलं फक्त "ए" आणि "बी", कोणती कोणाची ते सांगितलं नाही, आणि जे ऐकलं ते वहीत आधी लिही मग बोल. ५० वॉटवर दोन्हीला त्याने फाइव्ह नाइन (म्हणजे पूर्ण साफ अन् जोरदार) दिला. काका खुश, "पाहा, सारखंच आहे, उगाच दमवलं." इथेच सगळे फसतात. एफएमला एक उंबरठा असतो, सिग्नल त्याच्या वर असला की रिसीव्हर शांत होऊन जातो, आवाज एकदम साफ, मग तुम्ही पॉवर दुप्पट करा की चौपट करा, कानाला काही फरक नाही. एफएमवर अँटेना जोखायची तर सिग्नल मुद्दाम उंबरठ्याजवळ आणावा लागतो. मी सेट ५ वॉटवर आणला. आता "ए" वर थोडी सळसळ पण शब्द न् शब्द कळते, "बी" वर तुकडे. काका म्हणाले फेडिंग आहे. बरं. क्रम उलटसुलट केला, मित्राला दोन पावलं इकडेतिकडे व्हायला सांगितलं, कारण १४५ मेगाहर्ट्झला अर्धी वेव्हलेंग्थ एकच मीटर आहे आणि डोंगराजवळ उभा माणूस एवढा सरकला तरी सिग्नल वर-खाली होते. तो सरकला, निकाल सरकला नाही. "ए" माझी होती, इतवारीच्या सळयांची.

तरी काकांचा हेका तोच, "मग माझा १.१ कसा?" मी म्हटलं तुम्ही मीटरपाशी बसा, अगदी कमी पॉवरवर ठेवा, मी सांगीन तेव्हा दोन सेकंद पीटीटी (बोलायचं बटण) दाबा. वर जाऊन मी त्यांच्या केबलचा कनेक्टर अँटेनातून सोडला, टोक उघडंच ठेवून बाजूला झालो आणि ओरडलो, दाबा. खालून आवाज आला, "पावणेदोनच्या आत आहे, काय केलं रे?" म्हटलं काका, अँटेना काढली.

हे जादू नाही, साधा हिशोब आहे. आरजी-५८ ला १४५ मेगाहर्ट्झवर ३० मीटरमध्ये साडेपाच-सहा डीबी लॉस होतो. म्हणजे ५० वॉट टाका, वर १३-१४ पोहोचते. आणि जी पॉवर टोकावरून परत फिरते तीही तोच रस्ता परत चालते, पुन्हा साडेपाच-सहा डीबी खर्च, म्हणून मीटरपाशी परत आलेली पॉवर नावापुरती उरते आणि मीटर म्हणतो वा काय मॅच आहे. टोक पूर्ण उघडं असलं तरी १.७-१.८. अँटेनाचा खरा एसडब्ल्यूआर ३ असला तरी खाली १.३ दिसेल. त्यांच्या केबलच्या टोकाला अँटेनाच नव्हती तेव्हा जो आकडा आला तोच आकडा माझ्या चालत्या अँटेनाचा होता, ज्याच्यासाठी मला नेटवरून उठवत होते! काका काही बोलले नाहीत. केबल गुंडाळली, चहा घेतला, गेले. पुढच्या रविवारी नेटवर परत एका नवीन पोराला, "एसडब्ल्यूआर किती? मग आधी तो कमी कर."

नंतर एकदा त्यांच्याच कोलिनियरला मी माझी आरजी-२१३ लावून ऐकवली तेव्हा ती माझ्या ग्राउंड प्लेनच्या वर गेली, हेही तेवढंच खरं आहे आणि जायलाच पाहिजे, कोलिनियरला गेन असतो. अँटेना वाईट नव्हतीच. केबल खाऊन राहिली होती अन् मीटर त्या खाण्याला शाबासकी देऊन राहिला होता. डब्यावरच्या डीबीआयबद्दल पण एक, डीबीआय (सगळीकडे सारखं फेकणाऱ्या कल्पित अँटेनाच्या तुलनेत) आणि डीबीडी (साध्या डायपोलच्या तुलनेत) यात २.१५ चा फरक असतो, विकणारा मोठा आकडा छापतो, तुलना करताना दोन्ही एकाच मापात आणा.

ऑडिओचं माझं दुखणं तर याच्यापेक्षा जुनं आहे. हिंगण्याकडची एक कॉलेजची मुलगी, नवीन लायसन्स, हातात स्वस्तातली हँडी. पहिल्याच नेटवर तिला त्याच काकांनी सांगितलं, "आवाज फाटून राहिला, पातळ आहे, माइक बदला." तिने बिचारीने पैसे घालून वेगळा स्पीकर-माइक घेतला, तरी तेच. मग ती नेटवर यायचीच बंद झाली. मी तिच्या वडिलांना विचारून हँडी मागवून पाहिली तर हँडीत काहीच खोट नव्हती. ती वाइडवर होती, ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशन (आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी किती इकडेतिकडे हलते ते), आणि काकांचा सेट नॅरोवर, जो २.५ च्या डेव्हिएशनसाठी असतो. ती जरा जोरात बोलली की तिचा सिग्नल त्यांच्या फिल्टरच्या बाहेर जायचा आणि आवाज फाटायचा. आमच्या बाकी सगळ्यांच्या सेटवर ती स्वच्छ ऐकू येत होती पण सीनियर बोलले म्हटल्यावर कोणी तोंड उघडलं नाही. याचा मला आजही राग येतो. एका रिसीव्हरवरून कोणाच्या ऑडिओचा निकाल लावू नये, निदान दुसऱ्याला विचारा, निदान स्वतःचा मेन्यू पहा.

आणि "पातळ" म्हणजे वाईट हे कोणी ठरवलं? टू-वे रेडिओचा ऑडिओ ३०० ते ३००० हर्ट्झचा असतो. शब्द कळतात ते स, श, ट, फ असल्या व्यंजनांवरून, आणि ती सगळी वरच्या भागात असतात. ज्याला लोक "भरदार आवाज" म्हणतात तो खालचा भाग असतो, साफ सिग्नलवर कानाला गोड लागतो, पण सिग्नल कमजोर झाला की भरदार आवाजाचा नुसता गुळमुळाट होते आणि त्या मुलीचा पातळ आवाज सळसळीतून आरपार येते. संकटात, पुरात, जत्रेत, जिथे हॅम लोक मदतीला जातात तिथे असाच आवाज लागतो.

मग ओळखायचं कसं, तर "कसा आहे ऑडिओ" असं विचारू नका, माणूस भिडेखातर मस्तच म्हणेल. पॉवर कमी करा, आधी माहीत नसलेले दहा आकडे वाचा आणि समोरच्याला लिहून परत वाचायला सांगा. सात, आठ, साठ, सहा यांची सरमिसळ झाली की समजा ऑडिओत गडबड आहे. शिवाय स्वतःचा आवाज स्वतः ऐका, दुसरी हँडी दूरच्या खोलीत ठेवून मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण सेट डमी लोडवर अन् कमीत कमी पॉवरवर, नाहीतर जवळचा रिसीव्हर ओव्हरलोड होऊन खोटंच ऐकवेल. एचएफला (शॉर्टवेव्हला) असाल तर एखाद्या दूरच्या वेबएसडीआरवर (इंटरनेटवरून ऐकता येणारा रिसीव्हर) स्वतःला ऐका, डोळे उघडतात. माइक तोंडापासून दोन-तीन बोटं, थोडा तिरपा, पीटीटी दाबून क्षणभर थांबून मग बोला. आणि मे महिन्यात कूलरच्या समोर बसून बोलू नका, नागपुरातले अर्धे "ऑडिओ प्रॉब्लेम" जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आपोआप बरे होतात.

रिपीटरवरून (उंचावरचा सेट, जो तुमचा सिग्नल घेऊन पुन्हा फेकतो) मिळालेला फाइव्ह नाइन अँटेनासाठी धरू नका. समोरचा माणूस तुमचा नाही, रिपीटरचा सिग्नल ऐकून राहिला आहे. रिपीटरमध्ये तुमच्यामागे किती सळसळ आहे एवढंच विचारा, किंवा सरळ सिम्प्लेक्सवर (रिपीटरशिवाय, सेटवरून थेट सेटवर) या. एफएम सेटच्या डिस्प्लेवरच्या दांड्यांवर पण विसंबू नका, एचएफवर एस-मीटरचं एक घर म्हणजे ६ डीबी असं ठरलेलं तरी आहे, या दांड्यांचं प्रत्येक कंपनीचं वेगळं. रिसीव्हला तर जास्त दांड्या म्हणजे चांगली अँटेना असंही नाही, एलईडी दिवे अन् सोलर इन्व्हर्टरचा कचरा पण दांड्या वाढवतो, सिग्नल कचऱ्याच्या किती वर आहे ते पहा.

आता माझं बोलणं वाचून एसडब्ल्यूआर मीटर फेकू नका. २ च्या वर गेला की बरेच सेट स्वतःच पॉवर कमी करतात, तेव्हा दुरुस्ती करावीच लागते. तोच मीटर रोज पाहिला तर बिघाड लवकर कळते, पाऊस झाला अन् आकडा एकदम उडाला तर कनेक्टरमध्ये पाणी, आणि वर्षभरात हळूहळू सुधारत गेला तर आनंदू नका, केबल पाणी पिऊन लॉसी होऊन राहिली असेल. हा केबलचा सगळा हिशोब व्हीएचएफचा (दोन मीटरसारख्या बँडचा) आहे, ४० मीटर बँडवर तेवढ्याच आरजी-५८ मध्ये एक-सव्वा डीबीच जाते, तिथे ती खुशाल वापरा. उघड्या टोकाचा प्रयोग कमीत कमी पॉवरवर, दोन सेकंदच, आणि टोकाला हात न लावता.

तुमच्यासाठी एवढंच की दोन्ही केबलींवर छापलेला नंबर वाचा, लांबी मोजा. १.१ वाली जर लांब आरजी-५८ वर असेल तर मला आत्ताच वाटून राहिलं की १.८ वाली जिंकेल, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका, ५ वॉटवर, दूरच्या माणसाला न सांगता, स्विच फिरवून ऐकवा. आणि ज्या सीनियरांनी काढ म्हटलं त्यांना तेव्हा घरी बोलवाच, मीटरपाशी त्यांनाच बसवा.