लेझर हिरवं दाखवतं, तरी कपलिंगचं रबर का जातं?

प्रश्न: सर, पंप-मोटरचं अलाइनमेंट, म्हणजे दोघांचे शाफ्ट एका रेषेत आणणं, आम्ही लेझरनेच करतो. मोटर 1500 आरपीएमची, दोन शाफ्ट जोडायला जॉ कपलिंग. शेवटचं रीडिंग ऑफसेट (दोन शाफ्टच्या रेषांमधला फरक) 0.05 मिमी, स्क्रीन सगळी हिरवी, तरी तीन आठवड्यांत स्पायडरचा, म्हणजे कपलिंगमधल्या रबराचा, भुगा झाला आणि मोटरचं कपलिंगकडचं बेअरिंगही तापतंय. आमचे साहेब म्हणतात लेझरच बिघडलाय. काय बघू?

उत्तर: लेझरवर इतक्यात खापर फोडू नका, 1500 आरपीएमला 0.05 हे चांगलंच रीडिंग आहे. पण त्याआधी सॉफ्ट फूट तपासला होता का? डुगडुगणाऱ्या टेबलासारखा मोटरचा एखादा पाय बेसप्लेटवर नीट टेकलेला नसतो, आपण बोल्ट आवळतो तसा तो खाली ओढला जातो, बॉडी पिळली जाते आणि दोन बेअरिंगं एका रेषेत राहत नाहीत, आणि लेझरला दिसतो फक्त शाफ्ट, त्यामुळे स्क्रीन हिरवीच राहते! आता असं करा, चारही बोल्ट आवळलेले ठेवून एकेक सैल करून बघा आणि परत आवळा. पाय 0.05 मिमीच्या वर उचलला गेला तर फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) त्या पायाच्या चारही कोपऱ्यांत घालून बघा. बाहेरच्या बाजूला घट्ट आणि आत सहज जातंय म्हणजे पाय तिरका बसलाय, तिथे अख्खा शिम (पायाखाली घालायचा पातळ पत्रा) सरकवून उपयोग नाही, शिम पायऱ्या-पायऱ्यांनी कापून घालावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण करायलाच हवं. आणि पायाखाली मुडपलेल्या, गंजलेल्या पातळ शिमांची चळत असेल तर ती आधी काढा, ती स्प्रिंगसारखी दबते. जाड शिम घ्या, तीन-चारच्या वर नकोत.

मग पाइप बघा. सप्लाय लॉक करून, लाइन बंद आणि रिकामी करून लेझर लाइव्ह मोडला ठेवा आणि पाइप पंपाला जोडणाऱ्या फ्लँजचे बोल्ट सैल करा. आकडे हलले की समजा पाइप पंपाला ओढतोय, आणि मग पाइप सरळ केल्याशिवाय मोटर कितीही हलवली तरी परत तेच होणार.

पंप गरम तेलाचा असेल तर अजून एक गोष्ट. पायापासून शाफ्टपर्यंत उंची 300 मिमी आणि तेवढा भाग 40 अंशांनी तापला तर शाफ्ट साधारण 0.14 मिमी वर जातो, म्हणजे तुमच्या थंड रीडिंगच्या जवळजवळ तिप्पट. ही वाढ धरूनच थंड असताना मोटर वर ठेवायची.

प्रश्न: आमचं रीडिंग दर वेळी वेगळं येतं, कुठलं खरं धरायचं?

उत्तर: एकही नाही. लेझर शाफ्टवर धरणाऱ्या ब्रॅकेटची चेन किंवा रॉड ढिला आहे का ते हाताने हलवून बघा, आणि शाफ्ट नेहमी एकाच दिशेने फिरवा, जरा पुढे गेला म्हणून मागे आणला की कपलिंगमधला लूजपणा रीडिंगमध्ये येतो. लागोपाठ दोनदा सारखं आलं की मगच शिमला हात लावा.