पहिले सांधे घेताना

चिपळूणच्या घरात टेबलावर मॉडेल रेल्वेचं, समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडतात तसं क्रॉसिंगचं स्टेशन मांडायचं म्हणताय, फार छान! कोकण रेल्वे बहुतांशी एकेरीच, त्यामुळे सुरुवातीला बाजूच्या मार्गाच्या दोन टोकांना एक डावा आणि एक उजवा, असे दोनच सांधे (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रूळ) पुरतात. डझनभर आणू नका.

सगळ्यात महत्त्वाचं: रूळ ज्या कंपनीचे आणि ज्या मालिकेचे, सांधेही त्याच मालिकेचे घ्या. एचओ या मॉडेलच्या मापाचं १६.५ मिमी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, जुळलं की झालं, असं नवख्यांना वाटतं. पण रुळाची उंचीही जुळावी लागते; ती ‘कोड’ने सांगतात. कोड १०० म्हणजे २.५४ मिमी, कोड ८३ म्हणजे साधारण २.१ मिमी. नुसते एकमेकांना लावले तर जोडावर पायरी पडते आणि चाक उडतं. खाली खडीसारखा तळ जोडूनच येणाऱ्या रुळांचे तर जोडच कंपनीगणिक वेगळे.

आणखी दोन गोष्टी:

- रूळ निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचेच घ्या. आपल्या खाऱ्या, दमट हवेत पोलादी रूळ गंजतात.
- वळण जितकं सौम्य तितकं बरं. लांब डबे तीव्र सांध्यावर घसरतात.

फ्रॉग (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) प्लास्टिकचा असलेला, हाताने बदलायचा सांधा घ्या. मोटर, वायरिंग नंतर बघू. आधी एक डबा बोटाने ढकलत दोन्ही वाटांनी नेऊन बघा. तो अडखळत असेल तोवर रूळ पक्के ठोकू नका.