पाठराखण, पाठराखीण आणि मोल्दोव्हा

प्रश्न: एका बातमीच्या भाषांतरात मी ‘युरोपीय संघाने मोल्दोव्हाच्या लोकशाहीची पाठराखण केली’ असे लिहिले. संपादकांनी ‘पाठराखण’ खोडून ‘समर्थन’ घातले. पाठराखण नेहमी चुकणाऱ्या माणसाची होते, असे त्यांचे म्हणणे. खरे काय?

उत्तर: तुमचे वाक्य बरोबर होते, ते बिघडवले गेले. ‘भ्रष्टाचाऱ्यांची पाठराखण’, ‘गुंडांची पाठराखण’ ही जोडी मथळ्यांतून इतकी वर्षे आदळते आहे की एका चांगल्या घरच्या शब्दाला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. मला याचा मनापासून राग येतो. उलट, बाजू सावरण्याचा, युक्तिवादाचा वास आहे तो ‘समर्थन’ला. शाळेत अर्थांतरन्यास हा अलंकार शिकवताना एका विधानाचे दुसऱ्याने ‘समर्थन’ करतात असे सांगत, ते उगीच नाही. ‘स्वतःच्या वागण्याचे समर्थन करू नकोस’ असेच आई म्हणते. तिथे ‘पाठराखण’ बसतच नाही. म्हणजे ज्या संशयापोटी एक शब्द काढला, तो संशय बदली आलेल्या शब्दावरच अधिक शोभतो.

आता व्युत्पत्ती. ती पाठ, म्हणजे अंगाची मागची बाजू, संस्कृत ‘पृष्ठ’वरून आली, तो पाठ, म्हणजे धडा, ‘पठ्’वरून. ‘राखणे’ हे ‘रक्ष्’चे प्राकृतातून आलेले रूप. इथपर्यंत वाद नाही.

खरी गंमत पाठराखिणीत आहे. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्या सोबतीला माहेरची एक बाई जायची. कधी आत्या, कधी मावशी, कधी थोरली बहीण. ती पाठराखीण. करवली वेगळी, वऱ्हाडी वेगळे. वऱ्हाड जेवून, आहेर घेऊन परतते. पाठराखीण मागे राहते. परक्या घरात मुलीला पाणी कुठे, चूल कुठे, कोणाशी किती बोलायचे हे कळेपर्यंत ती तिच्याजवळ असते. ती सासूशी भांडत नाही, मुलीच्या वतीने संसारही करत नाही. पण मुलगी एकटी नाही, हे तिच्या नुसत्या असण्याने सगळ्या घराला समजते.

माझे ठाम मत असे की आज आपण सार्वजनिक अर्थाने जी ‘पाठराखण’ म्हणतो तिच्यातली ऊब या बाईकडून आलेली आहे. काही अभ्यासक हा शब्द लष्करातून आल्याचे सांगतात: सैन्याची पाठ राखणारी तुकडी. मला ते मुळीच पटत नाही. त्या तुकडीला आपल्याकडे ‘पिछाडी’ आणि ‘चंदावल’ असे दोन खणखणीत शब्द असताना तिसरा कशाला घडवतील? ‘पाठवणी’ आणि ‘पाठराखीण’ एकाच मुळाच्या, असेही छातीठोकपणे सांगितले जाते. दोन्ही शब्द एकाच मांडवात भेटतात म्हणून सख्ख्या बहिणी वाटतात, एवढेच. ‘पाठवणे’ हे ‘प्रस्थापय्’वरून, प्राकृत ‘पट्ठाव’च्या वाटेने आले. पाठीशी त्याचे नाते नाही. ध्वनी सारखा दिसला की कुळ जुळवून टाकायचे, ही सवय कोशकारांनी तरी सोडावी.

मोल्दोव्हाच्या बाबतीत तर हा शब्द चपखल बसतो. रुमानिया आणि युक्रेन यांच्यामधला सुमारे 24 लाख वस्तीचा हा देश 27 ऑगस्ट 1991 रोजी सोव्हिएत संघातून वेगळा झाला. 1992 च्या लढाईपासून नीस्तर नदीकाठची ट्रान्सनिस्ट्रिया ही पट्टी त्याच्या हातात नाही आणि तिथे रशियाचे सैन्य आहे. 1999 मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत ते काढून घेण्याचा शब्द रशियाने दिला होता; तो पाळला गेला नाही. 1994 च्या राज्यघटनेने देशाला कायमचे तटस्थ ठरवले आहे, त्यामुळे कोणत्याही लष्करी गटात तो नाही.

अशा देशाकडे 1 जून 2023 रोजी वऱ्हाड आले. राजधानी किशिनाऊजवळच्या बुलबोआका गावी, एका द्राक्षमळ्याच्या वाड्यात, युरोपातले चाळीसहून अधिक राष्ट्रप्रमुख आणि पंतप्रधान एका दिवसासाठी जमले. छायाचित्रे निघाली, भाषणे झाली, मंडळी परतली. त्या एका दिवसाचेही मोल होतेच. त्याला ‘पाठिंबा’ म्हणा, खुशाल म्हणा.

पण त्याच सुमारास युरोपीय संघाचे एक नागरी पथक किशिनाऊला आले, ते राहायला. सायबर हल्ले, पेरलेला अपप्रचार आणि निवडणुकीतली ढवळाढवळ कशी ओळखावी, संकटात सरकारी खात्यांनी एकमेकांशी कसे बोलावे, हे तिथल्या अधिकाऱ्यांच्या शेजारी बसून सांगणे त्याचे काम. नेमणूक दोन वर्षांची होती; ती संपत आली तेव्हा मुदत वाढवली गेली. 20 ऑक्टोबर 2024 च्या सार्वमतात युरोपीय संघाकडे जाण्याचा कौल जेमतेम 50.35 टक्क्यांनी निघाला, तोही मतांच्या खरेदीचे आरोप होत असताना. इतक्या बारीक फरकावर उभ्या असलेल्या घरात कोणी मुक्कामाला असणे किती मोलाचे, ते सांगायला नको. त्याहून जुने उदाहरण म्हणजे युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेचे तिथले कार्यालय. ट्रान्सनिस्ट्रियाच्या बोलण्यांसाठी ते 1993 पासून ठाण मांडून आहे. याला पाठराखीण नाही म्हणायचे तर कशाला म्हणायचे?

तेव्हा संपादकांना सांगा, शब्द परत बसवा. फक्त विभक्ती आणि क्रियापद सांभाळा. पाठिंबा मोल्दोव्हा‘ला’ देतात, पाठराखण मोल्दोव्हा‘ची’ करतात. ‘पाठराखण दिली’ आणि ‘पाठराखण दर्शवली’ असेही हल्ली छापून येते. तिथे मात्र संपादकांनी लाल शाई हात आखडता न घेता वापरावी.