वाक्य आधी मराठीत तयार होऊ देऊ नका

तुमची इंग्रजी वाक्ये व्याकरणाने बरोबर असूनही बोलताना कृत्रिम वाटतात, याचे मुख्य कारण मला असे दिसते की ती आधी मराठीत तयार होतात. ‘माझे डोके दुखत आहे’ याचे ‘माय हेड इज पेनिंग’ होते, तर इंग्रजी भाषक ‘आय हॅव अ हेडेक’ म्हणतो. आपले जोर देणारे ‘च’ हे अव्यय ‘आय लिव्ह हिअर ओन्ली’ असे उतरते. भारतात ते सर्वांना समजते आणि त्यात लाजण्यासारखे काहीच नाही, परंतु इतरत्र ते खटकते. विनंतीकडे मात्र विशेष लक्ष द्या, कारण मराठीत ‘द्या ना’ या क्रियापदाच्या रूपातच आदर असतो, तर ‘गिव्ह मी वॉटर’ हे वाक्य ‘प्लीज’ जोडूनही हुकुमासारखे ऐकू येऊ शकते. म्हणून ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ असे विचारण्याची सवय लावा. ‘डू नॉट’ऐवजी ‘डोन्ट’ म्हणा. सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा पूर्ण वाक्य ऐकून ते त्यातील चढउतारांसह मोठ्याने म्हणावे. मी रोज पाचच वाक्ये घेत असे आणि ती त्याच दिवशी कोणाशी तरी बोलताना वापरत असे.