पॉलिश नको, आधी पेटीवरची अक्षरे वाचा

प्रश्न : स. न. वि. वि. माझी आजी, म्हणजे आईची आई, मूळची नॉर्वेतील तेलेमार्क भागातली. लग्न होऊन ती नाशिकला आली आणि अखेरपर्यंत येथेच राहिली. तिच्या माहेरची हाताने रंगवलेली लाकडी पेटी आता गंगापूर रोडवरील आमच्या घरी आली आहे. बाहेरची वेलबुट्टी काळवंडली असून दोन ठिकाणी रंगाचे पोपडे सुटले आहेत आणि तळाची एक फळी सैल झाली आहे. दर्शनी बाजूस ‘ए. ओ. डी. १८३८’ असे लिहिले आहे, पण आजीच्या नावाची आद्याक्षरे ही नव्हेत. काचकागद मारून पॉलिश केले की पेटी नवी दिसेल, असे आमचे सुतार म्हणतात. १७ मे या नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी ती नीट करून दिवाणखान्यात मांडावी, अशी आईची इच्छा आहे. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सुतारांना कृपा करून आजच थांबवा. आमच्या घरच्या पणजीच्या फडताळाला असेच पॉलिश झाले आणि तिने दारावर हाताने काढलेली लक्ष्मीची पावले अर्ध्या तासात भुशात गेली. ती हळहळ अजून माझ्या मनातून गेलेली नाही, म्हणून इतक्या निकराने लिहीत आहे.

आपल्या पेटीवरील कामाला नॉर्वेत ‘रोसेमालिंग’ म्हणतात. अठराव्या शतकात ही कला तेथील खेड्यापाड्यांत रुजली. पुष्कळदा फिरस्ते रंगारी घरोघरी जाऊन पेट्या, कपाटे, कधी भिंतीसुद्धा रंगवून देत. तेलेमार्कच्या कामाची खूण अशी, की वेल दोन्ही बाजूंना सारखी नसते. एका मुळातून निघून ती मोकळेपणाने वळत जाते. रात्री दिवे मालवून टॉर्चचा झोत पेटीवर अगदी तिरपा धरून पाहा. कुंचला जेथे टेकला तेथे रंगाचा बारीक उंचवटा दिसेल आणि तो पुढे निमुळता होत केसासारखा बारीक झालेला दिसेल. हा पातळ थर हीच त्या रंगाऱ्याची सही आहे आणि काचकागदाचा पहिला हात फिरताच ती जाते. झाकण उघडून आतली बाजूही पाहा. तेथे रंगकाम असेल, तर उजेड आणि धूर कमी लागल्यामुळे मूळ रंग बाहेरच्यापेक्षा ताजे राहिलेले असण्याचा संभव आहे.

आता अक्षरांविषयी. जुन्या नॉर्वेजियन पेट्यांवर मालकिणीची आद्याक्षरे आणि साल घालण्याची पद्धत होती आणि त्यातील ‘डी’ म्हणजे बहुधा ‘डाटर’, कन्या. आपल्याकडे मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव लागते, तसेच तेथेही लागे. ओलाची मुलगी ती ओल्सडाटर. त्यामुळे पेटीची पहिली मालकीण ‘ए’ने सुरू होणाऱ्या नावाची, ‘ओ’ने सुरू होणाऱ्या नावाच्या गृहस्थांची मुलगी असावी आणि १८३८ हे तिच्या लग्नाचे साल असू शकेल. नावाच्या शेवटी राहत्या शेतवाडीचे नाव जोडले जाई, जवळजवळ आपल्या ‘कर’सारखे, पण वाडी बदलली की ते नावही बदले. कायम आडनाव घेण्याची सक्ती १९२३च्या कायद्याने आली, तेव्हा अनेक घराण्यांनी वाडीचेच नाव आडनाव म्हणून ठेवले. म्हणून आईला आजीचे माहेरचे आडनाव, जन्मगाव आणि जन्मसाल आजच विचारून लिहून ठेवा. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘डिजिटालार्किव्हे’ या संकेतस्थळावर चर्चच्या जन्म-विवाहाच्या नोंदवह्या आणि १८०१, १८६५ यांसारख्या जनगणना विनामूल्य पाहता येतात. आजीपासून एकेक पिढी मागे जात गेलात, तर या ‘ए’चे पूर्ण नाव हाती लागू शकेल. आजीचा मान राखण्याचा याहून जवळचा मार्ग मला तरी सुचत नाही.

दुरुस्तीत मुरलेले वय पुसायचे नाही, चालू असलेली झीज तेवढी थांबवायची. प्रथम सर्व बाजूंची छायाचित्रे घ्या. पोपडे नसलेल्या भागावरील धूळ मऊ कोरड्या कुंचल्याने झटका. ओले फडके, साबण, रॉकेल यांतले काहीही लावू नका. चमक यावी म्हणून जवसाचे तेल चोळण्याचा सल्ला हमखास मिळेल, पण ते चिकट राहून धूळ धरते आणि पुढे काळे पडते. सैल फळीला फेव्हिकॉल लावू नये, कारण तो नंतर सहजी सुटत नाही. सुतारी सरस कोमट पाण्याने सोडवता येतो, म्हणून सांधा त्यानेच बसवावा. सुटलेले पोपडे पुन्हा चिकटवणे आणि काळा थर उतरवणे मात्र घरी करू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे. छायाचित्रे घेऊन तेथे सल्ला विचारता येईल. पेटीखाली काळा कागद पसरून आठवडाभर पाहा. बारीक ताजा भुसा पडला, तर कीड जिवंत आहे असे समजून पेटी इतर लाकडी सामानापासून दूर ठेवा आणि तेही तेथे सांगा.

नाशिकचा कोरडा उन्हाळा आणि त्यामागून येणारी पावसाळी दमट हवा, या दोन्हींत लाकूड आकसते आणि फुगते. वरचा जुना रंग त्याबरोबर हलू शकत नाही, म्हणून पोपडे सुटतात. पेटी भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. खिडकीचे ऊन आणि एसीचा झोत थेट येऊ देऊ नका. १७ मेपर्यंत संवर्धनाचे काम उरकण्याची घाई करू नये. त्या दिवशी पेटी आहे तशी मांडा, झाकण उघडे ठेवा आणि शेजारी आजीच्या माहेरच्या वाडीचे नाव आईच्या हस्ताक्षरात लिहून ठेवा.