मोर्सची सक्ती नको, आणि भिंतीवरचा तक्ताही नको

तुम्ही विचारलंय की हौशी रेडिओच्या परवान्याची रिस्ट्रिक्टेड ग्रेड मिळाली, आता वरच्या जनरल ग्रेडसाठी मिनिटाला ८ शब्दांचं मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची संकेतलिपी, आडवं आलंय. हॅमवर, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्यावर, ही सक्ती असावी का? नसावी. आणि हे मी रोज सीडब्ल्यूवर, म्हणजे रेडिओवरच्या मोर्सवर, बसणारी हॅम म्हणून सांगतेय.

एके काळी सक्तीला कारण होतं. जहाजांचे संकटसंदेश मोर्सवर यायचे, ते हॅमला कळणं भाग होतं. १९९९ मध्ये जहाजांनीच मोर्स सोडलं. २००३ मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने हा निर्णय ज्या त्या देशावर सोपवला. ब्रिटनने त्याच वर्षी सक्ती काढली, अमेरिकेने २००७ मध्ये. म्हणून तिथलं सीडब्ल्यू काही ओस पडलं नाही.

माझा खरा राग परीक्षेच्या संथ वेगावर आहे. मी जुन्या ग्रेड टूची, ५ शब्दांची परीक्षा दिली. टिंब-रेघांचा तक्ता भिंतीवर लावून पाठ केला होता. त्या वेगात एक डिट (टिंबाचा आवाज) २४० मिलिसेकंदांचा, म्हणजे आरामात मोजता येतो. मी मोजतच राहिले: तीन आले की एस, चार आले की एच, पाच आले की पाचचा आकडा. पास झाले. बँडवर, म्हणजे हॅमना दिलेल्या रेडिओ लहरींवर, गेले तर समोरचा २० शब्दांनी पाठवत होता, डिट ६० मिलिसेकंदांचा. मी मोजेपर्यंत पुढचं अक्षर निघून जायचं. ही खोड जायला दोन वर्षं लागली.

ती गेली गणांमुळे. शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ घोकलंय ना? लघू म्हणजे डिट, गुरू म्हणजे डाह, रेघेचा आवाज. (डाह तीन डिटांएवढा लांब, गुरूसारखा दुप्पट नाही, एवढं लक्षात असू द्या.) मोर्समधली तीन खुणांची आठ अक्षरं म्हणजे बरोबर आपले आठ गण! डब्ल्यू हा य गण, म्हणजे भुजंगप्रयाताचा चरण म्हणजे चार डब्ल्यू. डी हा भ, जी हा त, यू हा स. एसओएस म्हणजे न-म-न. वृत्त चालीवर म्हणताना लघू कोण मोजतं? मोर्सचंही तसंच, अक्षराची चाल कानात बसली पाहिजे.

एफटी८ ही कॉम्प्युटरवरची संदेशपद्धत मोर्सपेक्षाही क्षीण सिग्नल काढते, हे मान्य. पण तिला कॉम्प्युटर हवा, घड्याळ सेकंदाला जुळलेलं हवं. एकदा जूनमध्ये रात्री लाइट गेलेली, विजांच्या खरखरीत ४० मीटरच्या बँडवर एकाचंही बोलणं धड ऐकू येईना. माझा घरी जुळवलेला ५ वॉटचा सेट बॅटरीवर होता. श्रीलंकेतल्या एका हॅमने माझ्या कॉलसाइनचं (स्टेशनच्या ओळखखुणेचं) शेवटचं अक्षर तीनदा विचारलं, मी तीनदा दिलं. मग खरखरीतून त्याचा ‘आर’ आला, लगाल. म्हणजे, मिळालं! अंगावर काटा आला.

म्हणून परीक्षा राहो न राहो, शिका. १९३० च्या दशकात लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मांडलेली पद्धत घ्या: पहिल्या दिवसापासून पुरा वेग, पण अक्षरं दोनच. के आणि एम २० शब्दांच्या वेगाने लावा, दहात नऊ बरोबर आली की तिसरं घ्या. रोज पंधरा मिनिटं पुरतात. ८ शब्दांचा सराव परीक्षेआधीच्या आठवड्यात करा, त्याआधी नको.